यंत्रालाही उन्हाळा लागतो

आमच्या ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात मे महिन्यात लू सुटली की पारा 45 अंशांवर जातो. माणसे पन्हे पिऊन, दारेखिडक्या लावून दुपार काढतात. यंत्राने काय करावे?

मागल्या उन्हाळ्यात माझी एक विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर आधी उभ्या रेघा आल्या, मग अंधार झाला. यंत्राचे हप्ते अजून फिटावयाचे होते. ती ते गादीवर ठेवून अभ्यास करी; साहजिकच खालचे झरोके बुजत. उघडून पाहिले, तो पंख्यापुढील धातूच्या पात्यांवर धुळीचा चक्क नमदा बसलेला!

उष्णतेची ही कटकट जुनीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या, आणि त्या तापल्यावाचून कामच करीत नसत. आजची चिप नखाएवढी असली, तरी ती जी वीज घेते तिची अखेर उष्णताच होते. पंखा खोलीतलीच हवा ओढणार. तेव्हा खोलीहून चिप थंड कशी व्हावी? शंभर अंशांच्या सुमारास ती आपण होऊन वेग कमी करते, म्हणून सहसा एकदम जळत नाही. खरा घात होतो तो वारंवार तापण्यानिवण्याने. चिप आणि तिच्याखालची पाटी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. त्यांना जोडणाऱ्या डाखाच्या सूक्ष्म मण्यांना मग तडे जातात. असल्याच दोषापायी एनव्हिडिया कंपनीला जुलै 2008 मध्ये 15 ते 20 कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली होती.

आमच्या कारागिराने चिपेवर गरम हवेचा झोत सोडला आणि यंत्र चालू झाले. मुलगी पेढे घेऊन आली. तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच रेघा! अशा शेकण्याने तडा क्षणभर मिटतो, सांधत नाही. ही गोष्ट पैसे घेण्यापूर्वी सांगावयास हवी होती, असे मला अजूनही वाटते. त्या तीन आठवड्यांत तिने आपल्या वह्या, टिपणे दुसरीकडे उतरवून घेतली असती तर वर्षाची मेहनत वाचली असती. मलाही ते सुचले नाही.

आता मामाने दिलेला जुना लॅपटॉप ती जेवणाच्या पाटावर ठेवते. उन्हाळ्याच्या तोंडी तो बंद करून, पंख्याचे पाते काडीने अडवून, हवेच्या फुंकरीने धूळ काढते. आणि दर शनिवारी टिपणांची नक्कल करून ठेवते.