मेडिक्लेम आहे ना? मग वाचलात का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात 'सी' विंगमधील एका सभासद भगिनींनी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी पाण्याच्या टँकरपासून गणपतीतल्या नाटकांपर्यंत छान आठवणी सांगितल्या. कमिटीने मला विषय दिला, 'आरोग्य आणि आपण'. मी काही डॉक्टर नाही. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं क्लार्क होते, कागद सांभाळणं तेवढं येतं. पण सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणजे आपणही पंचवीस वर्षांनी म्हातारे झालो. ताबा घेतला तेव्हा जिन्यात गप्पा व्हायच्या मुलांच्या अ‍ॅडमिशनच्या. आता लिफ्टमध्ये भेटलो की गुडघे आणि मेडिक्लेम! म्हणून मेडिक्लेमवरच बोलते.

२०२२ सालची गोष्ट. रात्री अकरा वाजता आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या मुलाने लगेच गाडी काढली. हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न आला, "मेडिक्लेम आहे का?" पेशंटचं नाव त्यानंतर विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, "आहे. पाच लाखांचा. २०११ पासून एकही हप्ता चुकलेला नाही."

खोली मिळाली दिवसाला ८,००० रुपयांची. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ५,०००. मी मनात हिशोब केला, रोजचा फरक तीन हजार, दिवस तीन, म्हणजे नऊ हजार. देऊ की.

अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, घरी जा. कंपनीची मंजुरी आली संध्याकाळी सातला. नऊ तास हे कपडे बदलून कॉटवर बसून, आणि खाली एक आजोबा कॉट रिकामी होण्याची वाट बघत स्ट्रेचरवर. शेवटी मंजुरी आली आणि कळलं, आपल्याला भरायचे आहेत ७६,०००.

कसे, ते सांगते, कारण हे आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या पॉलिसीत असेल. पुष्कळ हॉस्पिटलांत खोलीप्रमाणे बाकीचे दरही बदलतात. आपण मर्यादेबाहेरची खोली घेतली की कंपनी सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात कापते. आम्हाला पाच हजार मान्य, घेतली आठची, म्हणजे आठातले तीन हिस्से गेले. अशा खर्चाचं बिल होतं १,६०,०००, त्यातले ६०,००० कापले. खोलीचे ९,०००. आणि ग्लोव्हज, मास्क वगैरे 'नॉन-मेडिकल' म्हणून ७,०००. झाले ७६,०००. स्वस्त खोलीसाठी एक दिवस वॉर्डमध्ये काढला असता तर यातले बरेचसे वाचले असते. पण पॉलिसीतलं ते पान मी अकरा वर्षांत उघडलंच नव्हतं.

पैशांचं दुःख होतंच. पण खरं नुकसान पुढे झालं.

पुढच्या वर्षी लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती, आठवतंय ना? हे जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचे आणि मोबाईल काढून बघत उभे राहायचे. मला वाटायचं, आता ह्यांनाही व्हॉट्सअ‍ॅपचं वेड लागलं. प्रत्यक्षात दम लागत होता. चार महिने त्यांनी ते लपवलं. का? "पुन्हा सत्तर-ऐंशी हजार कुठून आणायचे?" हप्ता भरून, पॉलिसी कपाटात ठेवून, माणूस दुखणं अंगावर काढत होता. शेवटी दुसरी ब्लॉकेज निघाली. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर बरं झालं असतं. हृदयाची जी ताकद कमी झाली, ती परत आलेली नाही. हे समोर तिसऱ्या रांगेत बसलेत, आत्ता मान खाली घालून. रागावू नका हं, सांगायलाच हवं होतं.

आणि या वेळी कंपनीने क्लेम सरळ नाकारला! कारण काय, तर ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, बीपी किती वर्षं आहे? मी घाबरलेली. म्हटलं, "असेल पंधरा-एक वर्षं." तेच केसपेपरवर उतरलं. २०२३ मधून पंधरा वजा केले की २००८. पॉलिसी २०११ ची. म्हणजे आम्ही आजार लपवून पॉलिसी घेतली, असं पत्र आलं.

मग माझी क्लार्कगिरी कामाला आली. साडीच्या खोक्यात जुन्या फाइली होत्या. त्यात बीपीच्या गोळीची पहिली चिठ्ठी सापडली, २०१३ ची. शिवाय तेव्हाचा नियम होता की पॉलिसी सलग आठ वर्षं चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, जुन्या आजाराचं कारण काढून क्लेम नाकारता येत नाही. आमची बारा वर्षं झालेली. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, महिनाभर थांबले, दाद लागली नाही. मग विमा लोकपालांकडे गेले. तेव्हा ऑफिस नारायण पेठेत होतं. वकील लागत नाही, फी लागत नाही, कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. निकाल आमच्या बाजूने लागला.

टाळ्या नकोत. पैसे आले, पण ते चार महिने आले नाहीत.

आता हॉस्पिटलची आणि डॉक्टरांची बाजूही बघा. बहुतेक पॉलिसींत चोवीस तास अ‍ॅडमिट झाल्याशिवाय खर्च मिळत नाही, मोतीबिंदूसारख्या काही गोष्टी सोडून. त्यामुळे जी तपासणी बाहेरून झाली असती, तिच्यासाठी आपल्याच एका सभासदांना "एक रात्र राहा, क्लेममध्ये बसेल" असं सांगितलं. ते राहिले. कंपनी म्हणाली, नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅडमिट व्हायची गरज नव्हती, पैसे मिळणार नाहीत. तब्येतीला काय हवं हे ठरवायचं डॉक्टरांनी. इथे ते ठरवलं पॉलिसीने, आणि भुर्दंड पडला पेशंटला.

सगळंच काळं आहे असं नाही. २०२४ मध्ये विमा नियामकांनी, म्हणजे 'इर्डा'ने, नियम बदलले. कॅशलेसची विनंती आल्यावर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि ती आठ वर्षांची अट आता पाच वर्षांवर आली आहे. नियम कागदावर चांगले आहेत. पण काउंटरवर रात्री अकरा वाजता ते आपल्याला माहीत असतील तरच उपयोग.

म्हणून तीन कामं सांगते. उद्याच पॉलिसी काढा आणि खोलीभाड्याची मर्यादा पेन्सिलीने अधोरेखित करा. आजार कधी सुरू झाला ती तारीख कागदावर लिहून पॉलिसीला टाचा, म्हणजे घाबरल्यावर माझ्यासारखं "असेल" म्हणावं लागणार नाही. आणि फॉर्म एजंटने भरला तरी सही करण्याआधी स्वतः वाचा, एकही आजार लपवू नका.

अध्यक्षांशी बोलून ठेवलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार. पॉलिसी घेऊन या, मिळून वाचू. चहा माझ्याकडून. आणि जिन्यात कुणी उगाचच मोबाईल बघत थांबलेलं दिसलं, तर कृपा करून विचारा, "काका, दम लागतोय का?"