आईच्या हातात काय दिलं आहे?

(माध्यमे आणि स्त्री या विषयावरील आमच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळच्या सत्रात मालिका आणि जाहिराती यांवर भरपूर बोलणं झालं. माझा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा तुमच्यापैकी काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. व्हिडिओ गेम! हुंडा, पोटगी, कामाच्या ठिकाणचा छळ हे सगळं सोडून ही बाई पोरांच्या खेळाबद्दल काय बोलणार? दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, गेली दहा-अकरा वर्षं कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या बायकांच्या बोलण्यात हा विषय कधी आला नव्हता. तो आला माझ्या स्वतःच्या बहिणीच्या घरातून. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझी थोरली बहीण अमेरिकेत असते. दोन वर्षांपूर्वी मी महिनाभर तिच्याकडे गेले होते. डिसेंबरचे दिवस, बाहेर कडाक्याची थंडी. एका रविवारी भाऊजी आम्हा सगळ्यांना पिझ्झा खायला घेऊन गेले. त्या दुकानाच्या एका कोपऱ्यात जुनी खेळाची यंत्रं ठेवलेली होती. कपाटाएवढी उंच, वर पडदा, खाली दांड्या आणि बटणं. त्यातल्या एका यंत्रावर चार जणांनी एकदम खेळायचं होतं. भाऊजी एका दांडीशी उभे राहिले, दहा वर्षांचा भाचा दुसऱ्या, सात वर्षांची भाची तिसऱ्या. एक जागा रिकामी राहिली. भाचा वळून म्हणाला, "मावशी, तू ये ना, मार्ज हो." मी गेले. ताई मागे उभी होती. आमच्या पाचही जणांचे कोट तिच्या हातांवर आणि मुठीत यंत्रात टाकायची नाणी.

हे चित्र मनात ठेवा. मी त्याकडे परत येणार आहे.

तो खेळ होता 'द सिम्पसन्स'चा. तुमच्यापैकी अनेकींना हे नाव ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. 'द सिम्पसन्स' ही अमेरिकेतली एका कुटुंबाची विनोदी कार्टून मालिका. 1987 साली दुसऱ्या एका कार्यक्रमात छोट्या तुकड्यांच्या रूपात ती आली, 17 डिसेंबर 1989 पासून अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका झाली आणि आजही चालू आहे. स्प्रिंगफील्ड नावाचं गाव. वडील होमर, अणुवीज प्रकल्पात नोकरी, आळशी, खादाड. आई मार्ज, उंच निळ्या केसांची, घर सांभाळणारी. मुलगा बार्ट, खोडकर. मुलगी लिसा, हुशार आणि बंडखोर. आणि तोंडात सतत चोखणी असलेली तान्ही मॅगी. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांनी ही नावं आपल्याच घरातून घेतली. होमर हे त्यांच्या वडिलांचं नाव, मार्ज हे आईच्या मार्गारेट या नावाचं छोटं रूप, लिसा आणि मॅगी या त्यांच्या बहिणी.

या मालिकेवरून जपानच्या कोनामी कंपनीने 1991 साली हा खेळ काढला. गोष्ट साधी आहे. प्रकल्पाच्या मालकाचा हस्तक एक हिरा चोरतो, पळताना होमरवर आदळतो, हिरा उडून मॅगीच्या तोंडात जातो आणि ती तो चोखू लागते. मग तो हस्तक हिऱ्यासकट मॅगीलाच पळवून नेतो. आई, वडील आणि दोन मुलं तिला सोडवायला निघतात. वाटेत गुंडांच्या टोळ्या येतात, त्यांना मारत पुढे जायचं.

आता लढायला कोणाच्या हातात काय दिलं आहे ते पाहा. होमर मुठींनी आणि लाथांनी लढतो. बार्टकडे स्केटबोर्ड आहे. लिसाकडे उड्या मारायची दोरी. आणि मार्जकडे? मार्जकडे व्हॅक्यूम क्लीनर, केर काढायचं यंत्र! मुलांच्या हातात त्यांची खेळणी, बापाच्या अंगात त्याची ताकद आणि आईच्या हातात केरसुणी. तान्हं मूल पळवलं गेलं तरी ही बाई केरसुणी खाली ठेवून निघालेली नाही.

मी खेळताना मनापासून हसले, हे कबूल करते. केरसुणीने गुंडांना झोडपणारी बाई पाहून कोणाला आनंद होणार नाही? आपल्या खेड्यांतल्या दारूबंदीच्या आंदोलनांत बायका लाटणी घेऊन निघाल्या, तेव्हा आपण टाळ्याच वाजवल्या होत्या. खेळात मार्जचा मार कोणापेक्षा कमी नाही, हेही खरं. 1991 साली बाजारातल्या कितीतरी खेळांत बाईचं काम एकच होतं, पळवलं जाणं आणि सोडवलं जाण्याची वाट पाहणं. त्यामानाने इथे आई आणि मुलगी बापलेकाच्या बरोबरीने रस्त्यावर उतरल्या, ही पुढची पायरी होती. म्हणजे एकाच चित्रात दोन गोष्टी आहेत. बाई लढते आहे, आणि लढतानाही तिची ओळख घरकामाचीच आहे. आपल्याला दोन्ही दिसल्या पाहिजेत. फक्त पहिली पाहिली तर आपण भाबड्या ठरू, फक्त दुसरी पाहिली तर मुलं आपलं ऐकणं सोडून देतील.

घरी आल्यावर भाच्याने मला दुसरा खेळ दाखवला, भाऊजींच्या तरुणपणचा. 'द सिम्पसन्स : हिट अँड रन', 2003 सालचा. यात गावभर गाड्या पिटाळायच्या, कामं पार पाडायची. याचे सात टप्पे आहेत. मला मोजायची सवय, मी मोजलं. होमरचे दोन, बार्टचे दोन, लिसाचा एक, मार्जचा एक आणि किराणा दुकान चालवणाऱ्या अपूचा एक. सातांपैकी चार टप्पे बापलेकाचे, मायलेकींच्या वाट्याला मिळून दोन.

मार्जचा टप्पा चौथा. बार्ट मध्येच बेपत्ता होतो, सापडतो तेव्हा भ्रमिष्टासारखा बरळत असतो. गावात आलेल्या नव्या कोलाने लोकांची डोकी फिरत आहेत, हे मार्ज शोधून काढते आणि तो कोला गावातून हटवायला निघते. म्हणजे 1991 ची केरसुणी गेली आणि 2003 मध्ये हातात गाडीचं चाक आलं. बाई घराबाहेर पडली. पण कशासाठी? लेकरासाठी. होमर आणि बार्ट स्वतःच्या लहरीनेही भटकू शकतात. आईला घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि ते कारण मूलच असावं लागतं. हे आपल्याला नवं नाही. आपल्या गटातल्या किती जणी "मुलाची फी भरायला जाते" असं सांगून बैठकीला येतात?

आणि तो अपू? तो भारतीय. त्याच्या बोलण्याच्या ढबीवर अमेरिकेत वर्षानुवर्षं हशा पिकला आणि तिथल्या भारतीय मुलांना शाळेत त्यावरून चिडवलं गेलं. हरी कोंडाबोलू या विनोदकाराने 2017 मध्ये त्यावर माहितीपट केला. अपूला आवाज देणारे गोरे कलावंत हँक अझारिया यांनी 2020 मध्ये हे काम सोडत असल्याचं जाहीर केलं. हे योग्यच झालं. पण अपूची बायको मंजुळा, मालिकेत आठ मुलं एकदम वाढवणारी, तिला खेळात टप्पा नाही. भारतीय पुरुषाची टवाळी झाली यावर निदान वाद झाला. भारतीय बाईची जागाच नव्हती, यावर वाद कोण करणार?

तिसरा खेळ 2007 सालचा, नाव नुसतं 'द सिम्पसन्स गेम'. यात घरातल्या प्रत्येकाला एक अद्भुत शक्ती मिळते. मार्जच्या हातात येतो भोंगा! ती बोलली की गावकरी जमतात आणि ती सांगेल ते करतात. आपल्यासारख्यांना हे चित्र घरचं वाटेल. पण ती भोंगा कशाविरुद्ध वापरते? एका हिंसक व्हिडिओ गेमविरुद्ध. म्हणजे खेळातच खेळाला विरोध करणारी आई, आणि विरोध करताना तिचा जमाव मोडतोड करत सुटतो. ही थट्टा कोणाची आहे, हे सांगायला नको. ती तुमची आणि माझी आहे.

मला राग आला. मग मी ताईला विचारून या मालिकेचे जुने भाग शोधून पाहिले. डिसेंबर 1990 च्या एका भागात मार्ज हिंसक कार्टूनविरुद्ध एकटी फलक घेऊन उभी राहते, चळवळ उभी करते, जिंकते. मग गावातल्या बायका तिच्याकडे येतात, आता मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या नग्न पुतळ्यालाही विरोध कर म्हणतात. मार्ज नकार देते आणि मग तिलाच प्रश्न पडतो, एकाला बंदी आणि दुसऱ्याला नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? मैत्रिणींनो, 1986 साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा झाला, तेव्हापासून हाच प्रश्न आपल्यापुढे आहे. असभ्य म्हणजे काय, ते कोण ठरवणार? बंदी मागताना आपल्या शेजारी कोण येऊन उभं राहतं? बाईचा अपमान खुपणारे, की बाईचा मोकळेपणा खुपणारे? थट्टा बोचली तरी प्रश्न खरा आहे.

तीच मालिका 1992 च्या एका भागात दाखवते की घरकामाने पिचलेली मार्ज पुलावर मधोमध गाडी थांबवते आणि हलायलाच नकार देते. रहदारी तुंबते, तिला अटक होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात ती नोकरी धरते, मालक तिच्यावर भाळतो आणि ती विवाहित आहे हे कळताच तिला काढून टाकतो. आमच्या केंद्रातल्या नोंदवहीत शोभतील अशी ही प्रकरणं आहेत. पण त्याच मालिकेत होमर चिडला की बार्टचा गळा आवळतो, आणि हा पिढ्यान्‌पिढ्या हसण्याचा विषय झाला. 2023 च्या एका भागात होमर म्हणतो की आता मी तसं करत नाही, काळ बदलला. तिथे यायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. मालिकेतलं शहाणपण आणि मालिकेतली हिंसा एकाच ताटात वाढलेली असते. मुलांना ती वेगळी करून दाखवायला कोणीतरी शेजारी बसावं लागतं.

आता त्या कोटांकडे येते.

माझी ताई इंजिनिअर आहे. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसाने ती तिकडे गेली. त्या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नसे. 2015 पासून काही जणींना परवानगी मिळू लागली, पण नवऱ्याच्या कायम वास्तव्याचे कागद एका ठरावीक टप्प्याला पोचल्यावर. भाऊजींचे कागद तिथवर पोचले नव्हते. मी दर रविवारी तिला फोन करत होते. मुलं काय म्हणतात, थंडी किती, जेवायला काय केलंस? तुझ्या शिक्षणाचं काय, हे मी कधी विचारलं नाही. परक्या बायकांना मी पहिल्या भेटीत विचारते, "तुम्हाला काय काय येतं?" सख्ख्या बहिणीला इतक्या वर्षांत विचारलं नाही. कारण तिचं बरं चाललं आहे, असं आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही परत त्या दुकानात गेलो. या वेळी मी कोट घेतले आणि ताईला मार्जच्या जागी ढकललं. "मला नाही येत," ती म्हणाली. भाचाही म्हणाला, "आईला नको, ती लगेच मरेल." ती लगेच मेलीच. मी दुसरं नाणं टाकलं. तिसऱ्या खेपेला तिला बटणांचा मेळ जमला. भाची ओरडली, "आई, इकडे ये, मला वाचव!" ताई हसली नाही. ओठ घट्ट मिटून खेळत राहिली, कॉलेजात परीक्षेच्या वेळी असायची तशी.

परतताना गाडीत ती हळूच म्हणाली, जवळच्या कॉलेजात एक अभ्यासक्रम आहे, दोन वर्षांपासून तो मनात आहे, पण फीचे पैसे मागायचे कसे? गाडी चालवणारे भाऊजी काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, "मला कधी बोलली नाहीस." तीही म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं नाहीत." ते माणूस म्हणून वाईट नाहीत. मीही नाही. तरी कोट तिच्याच हातात होते.

ताईने पुढे तो अभ्यासक्रम सुरू केला, एवढंच सांगते. खेळामुळे क्रांती झाली, असं सांगायला मी उभी नाही. खेळाने मला फक्त एक जागा दाखवली, चारांतली रिकामी, जिथे आई असायला हवी होती.

म्हणून तुम्हाला एक काम सुचवते. वस्तीत, घरात मुलं मोबाइलवर जे खेळतात त्याकडे पाठ फिरवू नका, हिसकावूनही घेऊ नका. शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. यात बाया किती? त्यांच्या हातात काय दिलं आहे? कोण कोणाला सोडवतं? मुलं उत्तरं बरोबर देतात, असा माझा अनुभव आहे. मग चौथा प्रश्न त्याच मुलांना विचारा, "आणि आपल्या घरात?"

त्याचं उत्तर येईपर्यंत घाई करू नका. मी एवढं बोलून थांबते. आता तुम्ही बोला.