मागच्या भिंतीवरची अक्षरं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. पातेल्यातलं मसाला दूध मला इथून दिसतंय, तेव्हा वेळ पाळायची काळजी माझ्याइतकी कुणालाच नसेल.

विषय आहे आपल्या मागच्या गल्लीकडची भिंत. नव्या सभासदांना ती नुसती कम्पाउंडची भिंत वाटते. ती आपल्या जुन्या चाळीची भिंत आहे. चाळ पाडली तेव्हा बांधणाऱ्यांनी चार पैसे वाचवायला तळमजल्याची ती एक बाजू तशीच उभी ठेवली आणि वर काचा रोवल्या. आता रौप्यमहोत्सवानिमित्त तिला नवं प्लास्टर करून त्यावर सोसायटीचं बोधचिन्ह काढायचं ठरलंय, कोटेशनंही आली आहेत. ते काम होण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत असावं, म्हणून मी उभा राहिलो.

आधी कबुली देतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी या सोसायटीचा पहिला खजिनदार होतो. त्या भिंतीवर तेव्हा एका खाणावळीची रंगवलेली पाटी होती, चांगली आठ-नऊ फूट लांब. ‘नव्या इमारतीला हे जुनाट ध्यान कशाला’ असं एका मीटिंगमध्ये निघालं आणि सिमेंट पेंटचे दोन हात मारायचं ठरलं. ते बिल मी पास केलं. बिल बरोबर होतं, बेरीज बरोबर होती, सही माझी होती. भिंतीवर काय आहे ते वाचायला मी खाली उतरलोसुद्धा नाही. लहानपणापासून पाठ होतं ना!

पण भिंत आमच्याहून चिवट निघाली. सिमेंट पेंट पाण्यात कालवायचा असतो, त्याला धरायला सच्छिद्र भिंत लागते. जुनी अक्षरं होती तेलात कालवलेल्या काळ्या रंगाची. तेलकट जागेवर तो पेंट नीट बसलाच नाही. मोकळ्या भिंतीवर टिकला आणि अक्षरांवरून मात्र पापुद्रे निघाले. गेल्या दोन पावसाळ्यांत आपण झाकलेली तेवढीच अक्षरं बरोबर उघडी पडली.

आता ती वाचता येतात ती अशी. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत ‘ब्राह्मणांची खाणावळ’. त्याखाली ‘येथें मासिक जेवणाची उत्तम सोय आहे’. मग ‘राइस प्लेट’, पुढे पोपडा निघालेली जागा, आणि त्यानंतर ‘न. पै.’. खाली कोपऱ्यात ‘मुंबई ४’. मालकाचं नाव होतं तिथे आता पाण्याच्या टाकीचा पाइप आहे.

बँकेत मी छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या सह्या आणि तारखा तपासण्यात गेली. पाटीवर तारीख नाही, पण काढता येते. ‘मुंबई ४’ म्हणजे पिनकोड यायच्या आधीचा पत्ता. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि आपलं गिरगाव ४०० ००४ झालं. शेवटचा चार मात्र तोच राहिला. ‘येथें’वर अनुस्वार आहे. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी असले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. अर्थात रंगाऱ्यापर्यंत नियम पोचायला वेळ लागतो, म्हणून हा पुरावा मी कच्चा धरतो. पक्का पुरावा ‘न. पै.’चा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १ जून १९६४ पासून त्यांच्यातलं ‘नवे’ गेलं, नुसते पैसे उरले. म्हणजे ही पाटी त्या सात वर्षांतली. मी तेव्हा सात ते चौदा वर्षांचा होतो. चेक असता तर मुदतबाह्य म्हणून परत केला असता, पण भिंतीला ती अडचण नाही.

ही एकच पाटी नव्हती. त्या काळी गिरगावातल्या भिंती वर्तमानपत्रासारख्या वाचता यायच्या. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा डांबरानं लिहिलेल्या होत्या, त्या पुसता पुसत नसत. निवडणुकीच्या वेळी रात्रीत बैलजोडी उमटायची, कुठे पणती, कुठे झोपडी. पुढे काँग्रेस फुटली, बैलजोडी गेली आणि १९७१ला त्याच भिंतींवर गाय-वासरू आलं. चुना पातळ असला की वासराच्या पायांतून बैलाची शिंगं डोकावायची. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. माझ्या पहिल्या शाखेच्या बोर्डावर तर सरकारनंच खाडाखोड केली होती. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि नावातलं ‘लिमिटेड’ गेलं. मी लागलो तेव्हा त्या शब्दावर निळा रंग मारलेला होता, पण संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की ‘लिमिटेड’ पुन्हा उठून दिसायचं. आमचे हेडकॅशियर म्हणत, ‘पाच वाजले की आपली बँक परत खाजगी होते.’

यातलं आता काय उरलंय? बऱ्याच इमारती पुनर्विकासात गेल्या, काही मेट्रोच्या स्टेशनापायी गेल्या. ज्या आहेत त्यांच्यावर फ्लेक्स आहे. मी फ्लेक्सला नावं ठेवायला आलेलो नाही. माझ्या पंचाहत्तरीला नातवानं माझाच फोटो छापून गल्लीच्या तोंडावर लावला होता, आणि खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी मुद्दाम त्या बाजूनं फिरायला जात होतो. पण फ्लेक्सच्या मागे काही राहत नाही. तो काढला की चार खिळे राहतात.

आपल्या भिंतीवरची पाटी रंगवणारा रंगारी मी पाहिलेला आहे. खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायची. फट् असा आवाज, आणि भिंतीवर सरळ रेघ. अशा दोन रेघांमध्ये अक्षर बसवायचं. डाव्या हातात काठी, काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. तो भिंतीला टेकवून काठीवर उजवं मनगट ठेवायचा म्हणजे हात हलत नाही. रंग बेलतेलात कालवलेला, त्याचा वास जिन्यापर्यंत यायचा. आम्ही पोरं खाली बसून पुढचं अक्षर कोणतं यावर गोट्या लावायचो. ‘ब्रा’नंतर ‘ह्म’ जोडताना त्यानं हात थांबवून विडी पेटवली होती, हे मला लख्ख आठवतंय. ते जोडाक्षर आजही पाहा, सगळ्या ओळीत तेच सर्वांत सुरेख आहे.

आणि नेमकं तेच अक्षर काही सभासदांना नको आहे.

हा मुद्दा कमिटीच्या मीटिंगमध्ये निघाला होता, तेव्हा इथे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या सोसायटीत आज सगळ्या जातिधर्मांची कुटुंबं आहेत. गेटातून आत येताना कुणाच्या मुलानं हे का वाचावं, असं एका ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या बाजूनं एक सद्‌गृहस्थ म्हणाले, ‘त्या काळी सगळीकडेच असं असायचं, त्यात काय एवढं!’ मला स्वतःला त्या ताईंचा प्रश्न या उत्तरापेक्षा जास्त पटला.

त्या खाणावळीचं मला सगळं गोड आठवतं. कोकणातून आलेले, बायका-मुलं गावी ठेवून नोकरी करणारे लोक तिथे ‘मेंबर’ असायचे. महिन्याची कुपनं, रविवारी फीस्ट, फीस्टच्या दिवशी गल्लीभर तुपाचा वास. आई बाळंतपणाला माहेरी गेली की मी डबा घेऊन जायचो. आमटी जास्त वाढा म्हटलं की काकू पळीभर जास्त घालायच्या. बरोबर माझा एक मित्र असायचा. त्याचे वडील महापालिकेत सफाईच्या कामाला होते, मागच्याच गल्लीत राहायचे. मी आत जायचो, तो बाहेर भिंतीशी उभा राहायचा. माझ्या गोट्या त्याच्या खिशात असायच्या. तो आत का येत नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि मला तसा प्रश्नही पडला नाही. ‘आत येऊ नये’ असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिणं शक्यच नव्हतं, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ सालीच झाला होता. पाटीवर नुसतं नाव होतं, आणि तेवढ्यानं काम होत होतं.

तो मित्र पुढे शिकला, सरकारी नोकरीत चांगल्या हुद्द्यावर गेला, आणि २००३ साली त्यानं आपल्याच सोसायटीत फ्लॅट घेतला. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेऊ नको म्हणालाय, म्हणून घेत नाही. बाकी जे सांगतोय ते त्याला विचारून.

मी त्याला म्हटलं, ‘तूच सांग काय करायचं. तू म्हणालास तर मी उद्याच प्लास्टरच्या बाजूनं हात वर करतो.’ तो म्हणाला, ‘सगळी पाटी ठेवा नाहीतर सगळी काढा. तेवढा एक शब्द खरवडून खाली उत्तम सोय, उत्तम सोय ठेवू नका.’

यावर मला आमच्या लेजरची आठवण झाली. बँकेत चुकीची नोंद खोडरबरानं पुसायची नसते, तिच्यावर गिरवायचंही नसतं. एका रेघेनं छेद द्यायचा, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आद्याक्षरांची सही करायची. तपासणीसाला चूकही दिसली पाहिजे आणि ती कुणी दुरुस्त केली तेही दिसलं पाहिजे. मी पंचवीस वर्षांपूर्वी केलं ते खोडरबराचं काम होतं.

म्हणून माझी कमिटीला विनंती अशी. भिंतीचा तेवढा नऊ फुटांचा भाग सोडून बाकी खुशाल प्लास्टर करा. बोधचिन्ह गेटाच्या बाजूला काढा, तिथे ते जास्त लोकांना दिसेल. जुनी अक्षरं ठळक करायला नवा काळा रंग भरू नका, तारेच्या ब्रशनं घासू नका, वर वॉर्निश नको. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. शेजारी एक लहान पाटी लावा: ही खाणावळ कधीची, इथे कोण जेवायचे आणि कोण जेवत नव्हते. तीही हातानं रंगवलेली असावी. असा रंगारी शोधायचं काम माझ्याकडे. आणि हे सगळं नामंजूर झालं, तरी प्लास्टरच्या आधी पाऊस पडून गेल्यावरचे फोटो काढून ठेवा. भिंत ओली असताना उडालेली अक्षरंही दिसतात. रंगानं इतकी वर्षं झाकलेलं प्लास्टर आजूबाजूच्या इतकं झिजलेलं नसतं. ते पाणी वेगळ्या तऱ्हेनं पितं, आणि अक्षराची सावली उमटते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी करून पाहिलंय. वाद होता त्या पोपड्याच्या जागेवरून. राइस प्लेट किती नव्या पैशांची? मी म्हणत होतो पंच्याहत्तर, म्हणजे जुने बारा आणे. आमच्या घरी तोच आकडा बोलला जायचा. मित्र म्हणाला, बासष्ट. दहा आणे. मी त्याला म्हटलं, ‘अरे, जेवायला मी आत जायचो. तू कधी पाऊल ठेवलं नाहीस, तुला दर काय ठाऊक?’

तो म्हणाला, ‘तू डबा भरून येईपर्यंत मी काय करत होतो? तेच वाचत होतो. रोज.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली आणि पंचा घेऊन आम्ही भिंत भिजवली. दोन-तीन मिनिटं लागली. आधी सहाची खालची गाठ दिसली, मग दोनची शेपटी.

बासष्टच होते.