पाच मुलांमागे एक सांभाळणारी

आई मजुरीला गेली की घरचे तान्हे कोणाच्या हवाली होते, याचे उत्तर पुष्कळदा शाळेच्या हजेरीपटात सापडते. तिसरी-चौथीतल्या मुलीचे खाडे वाढू लागले, की घरी धाकटे भावंड आहे असे समजावे. शिक्षकांना हे वेगळे सांगावयास नको.

मुले सांभाळणारी बाई एका मजूर कुटुंबाला परवडत नाही. चार घरांनी मिळून ठेवली तर परवडते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, 2005 मध्ये हेच तत्त्व मान्य झाले. कामावरील स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांच्यापैकीच एकीस मुलांजवळ नेमावे व तिला मजुरी द्यावी, अशी त्यात तरतूद करण्यात आली.

मजुरीचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. मुले सांभाळणे म्हणजे बसून राहणे, अशी समजूत असली की खोदाई न झेपणाऱ्या म्हातारीला तेथे बसविले जाते. रांगते मूल चरापर्यंत पोहोचावयास कितीसा वेळ लागतो? सावली, पिण्याचे पाणी आणि धावू शकणारी बाई, एवढे तरी हवेच.

मुले दोन-तीनच असतील, तेथे त्या कुटुंबांनी शेजारची एखादी विश्वासू बाई ठरवून तिची मजुरी वाटून घ्यावी. एका घराचे काम बुडाले तर त्या दिवसाचा वाटा कोण देणार, हे ग्रामपंचायत सदस्यांनी आधीच बोलून ठरवून द्यावे. आणि त्या बाईचाच खाडा झाला तर मुले कोणाकडे राहतील, हेही.