नको ते ऐकू येणं

घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी एक तक्रार माझ्या कानावर नेहमी येते. 'समोर बसून सांगितलेलं यांना कळत नाही, आणि शेजारच्या खोलीतलं आमचं बोलणं मात्र बरोबर ऐकू येतं!' पुष्कळ जण याला सोंग म्हणतात. मला तसं वाटत नाही.

लक्ष देणं म्हणजे एकाच वेळी दोन कामं करणं. हवं ते आत घ्यायचं आणि नको ते बाहेर ठेवायचं. वयानुसार पहिलं काम बऱ्यापैकी शाबूत राहतं, दुसरं ढिलं पडतं. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी हा विचार १९८८मध्ये मांडला. पुढे १९९१च्या एका प्रयोगात लोकांना गोष्टी वाचायला दिल्या. मजकुरात मधूनमधून वेगळ्या टायपात भलतेच शब्द छापलेले. ते सोडून वाचायचं. अडखळले तरुणही, पण वयस्कर वाचक फारच मंदावले. त्यातून ते शब्द गोष्टीशी जुळणारे असले की अधिकच!

२००५ साली अमेरिकेत अ‍ॅडम गॅझली आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं चित्रण करून हेच तपासलं. चेहरे आणि निसर्गदृश्यं अशी चित्रं एकापाठोपाठ दाखवली. 'दृश्यं लक्षात ठेवा' म्हटलं, की ज्येष्ठांच्या मेंदूतला दृश्यं टिपणारा भाग तरुणांसारखाच जोमानं काम करी. 'चेहरे लक्षात ठेवा, दृश्यं सोडा' म्हटलं, की तरुणांचा तो भाग शांत होई. ज्येष्ठांचा होत नसे. सरसकट सगळ्यांचा नव्हे हं. ज्यांची स्मरणशक्ती चांगली होती, त्यांना तेही जमलं.

या आत शिरलेल्या पसाऱ्याचा कधी फायदाही होतो. २००७च्या एका प्रयोगात आधी 'दुर्लक्ष करा' म्हणून दाखवलेले शब्दच पुढच्या कोड्यांची उत्तरं होती. त्यांचा उपयोग ज्येष्ठांना झाला, तरुणांना नाही.

आपल्या घरात काय होतं? मालिका चालू, मिक्सर चालू, नातवाच्या मोबाइलवर गाणी. त्या गदारोळात आपण आजींना गोळ्यांच्या वेळा सांगतो. त्या 'काय?' म्हणाल्या की आवाज चढवतो. दोनदा असं झालं, की 'त्यांना आता कळत नाही' असं ठरतं. मग बँकेच्या कागदावर सही घेतानासुद्धा कुणी नीट समजावून सांगत नाही. मला हे फार गंभीर वाटतं.

कान तपासून घ्यावेत, हे आहेच. पण त्याआधी टीव्ही बंद करावा, समोर बसावं आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. रेडिओही बंद करावा. रेडिओवरूनच हे सांगणं जरा जिवावर येतं, पण करावा.