खाद्यात लसूण घातला की पंगस वाढतो का?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "दादा, माशांच्या खाद्यात लसूण घातला तर वजन वाढतं का?" तर आज माझीच फजिती सांगतो.

मी पंगस पाळतो. मांगूर नाही हं, थाई मांगूरवर आपल्याकडे बंदी आहे. माझ्या ताडपत्रीच्या दोन टाक्या, प्रत्येकी दहा हजार लिटरची. एकीत पाचशे पिल्लं सोडली, दुसरीत हजार. म्हटलं, गर्दीच्या टाकीला लसूण देऊ, तो सांभाळून घेईल. किलोभर खाद्याला दहा ग्रॅम लसूण पावडर, थोड्या गोडेतेलात चोळून सावलीत वाळवायची. अख्ख्या घराला वास!

चार महिन्यांनी वजन केलं. पाचशेच्या टाकीत सरासरी 340 ग्रॅम. हजारच्या टाकीत 180. मेलेले वजा जाता दोन्हीकडून एकूण माल जवळपास सारखाच निघाला, 160 किलोच्या आसपास. पण गर्दीच्या टाकीत खाद्याच्या चार गोण्या जास्त गेल्या. वर व्यापारी बारीक माल बघून म्हणाला, "भाऊ, याला निम्माच भाव."

पंगस पाण्यावर येऊन हवा घेतो. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तरी लगेच मरत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण जगतोय म्हणजे वाढतोय असं नाही ना! विष्ठेतून अमोनिया साठतो, पीएच चढला की तो आणखी घातक होतो, मासा खाणं कमी करतो. मी मात्र संख्येच्या हिशोबाने टाकतच राहिलो. उरलेलं तिथेच सडलं, अमोनिया आणखी वाढला. जे होतं ते दांडग्यांनी पळवलं, बारके बारकेच राहिले. लसणातलं अ‍ॅलिसिन जंतूंशी लढेल, अमोनिया कसा काढणार? व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या भागात पंगस दाटीने वाढवतात, पण तिथे तळी खोल आणि पाणी सारखं बदलतात. माझ्याकडे एक बोअर, तोही उन्हाळ्यात आचके देतो.

आणि तुलनाही चुकीची होती. संख्या आणि लसूण, दोन्ही एकदम बदलले, मग कशामुळे काय झालं हे कळणार कसं? दुसऱ्या खेपेला दोन्हीकडे पाचशे, लसूण एकीकडेच. लसणाच्या टाकीत मर थोडी कमी झाली. वजनातला फरक मात्र इतका किरकोळ, की पावडरचा खर्चही निघेना. आता पिल्लं नवी असताना पहिले काही आठवडे देतो, मग बंद.

मागे घरघर ऐकू येतेय ना? एअर पंप आहे. पाचशेच असले तरी तो रात्री बंद ठेवत नाही.