बंद पडणारी मोटारसायकल

सेवानिवृत्त शाळामास्तरानें वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं मोटारसायकल विकत घ्यावी, आणि तीही साधीसुधी नव्हे तर डोंगरदऱ्यांत हिंडण्यासाठीं बनविलेली, हें ऐकून आपणांपैकीं कांहींजणांना हंसूं येईल. मला त्याचें वाईट वाटणार नाहीं. चौतीस वर्षें मीं शाळेच्या घंटेबरहुकूम काढलीं; पुढचीं थोडीं वर्षें घंटा ऐकूं न येणाऱ्या ठिकाणीं काढावीं अशी इच्छा होती, आणि पेन्शनींत बसेल अशी हीच एक गाडी होती. दुसऱ्यानें वापरलेली, म्हणून एक लाख दहा हजारांत मिळाली. ती कोणत्या कारखान्याची हें मी सांगणार नाहीं, कारण त्या कारखान्याची निंदा करण्यासाठीं मी येथें आलेलों नाहीं. माझी स्वतःची थोडीशी निंदा मात्र करावयाची आहे.

ह्या जातीच्या गाडीस ‘ॲडव्हेंचर’ मोटारसायकल म्हणतात. पॅरिसहून आफ्रिकेंतील डाकार शहरापर्यंतची वाळवंटी शर्यत २६ डिसेंबर १९७८ रोजीं पहिल्यानें सुटली. पुढें १९८० सालीं जर्मनींतील बीएमडब्ल्यू कारखान्यानें आर८० जी/एस नांवाची गाडी काढली, आणि लांबचा पल्ला व कच्चा रस्ता हीं दोन्ही कामें एकाच गाडीकडून करून घ्यावयाचीं ही कल्पना रूढ झाली. उंच बांधा, तारांच्या आऱ्यांचें एकवीस इंची पुढचें चाक, लांब शॉकॲब्सॉर्बर, इंजिनाच्या पोटाखालीं जाड पत्रा, हीं सारीं लक्षणें स्वस्त गाडीलाही असतात. मग स्वस्तपणा येतो कोठें? इंजिनांत तो फारसा येत नाहीं. तो येतो बोल्टांवरच्या मुलाम्यांत, तारांच्या जोडांवरील रबरांत, आसनाखालच्या बारीकसारीक बांधणींत. म्हणजे गिऱ्हाइकाची नजर जेथें जात नाहीं तेथें. आणि गाडी तर धक्के आणि चिखलपाणी खाण्यासाठींच घेतलेली!

आमचें बिऱ्हाड साताऱ्यास आणि मंडळींचें माहेर चिपळुणास. उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट, असा तो रस्ता आहे. पहिल्याच श्रावणांत आम्ही दोघें त्या वाटेनें जाऊन परत येत होतों. घाट चढतांना, दिवेलागणीच्या सुमारास, एका वळणावरच्या खड्ड्यांतून चाक गेलें आणि गाडी मेली. इंजिन थांबलें, दिवे गेले, वर पाऊस. मागून भरलेला ट्रक येत होता. त्या चालकानें वेळींच ब्रेक दाबला म्हणून आज मी आपणांशीं बोलत आहें. ट्रकच्या उजेडांत मंडळींचा चेहरा मला दिसला, तो मी विसरलेलों नाहीं. थरथरत्या हातांनीं गाडी कडेला ढकलली, किल्ली फिरविली, बटण दाबलें, तर जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत ती सुरू झाली!

जो दोष सतत असतो तो बरा, तो सांपडतो. येतो आणि जातो तो दोष फार वाईट. विक्रेत्याच्या दुरुस्तीगृहांत गाडीला संगणक जोडला. त्यानें ‘दोष नाहीं’ असें छापून दिलें. तेथला मुलगा एकटा गाडीवर बसून दहा किलोमीटर फिरून आला. गाडी उत्तम चालली. मग मीं स्वतःच्या बुद्धीनें निदान केलें. चढावर बंद पडली, त्या अर्थीं पेट्रोल पोंचत नसावें! प्लग बदलला, पेट्रोलची गाळणी बदलली, पंप बदलला, आणि तेंही सर्व एकाच दिवशीं. चौदा हजार रुपये गेले. परीक्षेंत एखाद्या मुलानें तीन उत्तरें लिहून ‘ह्यांतलें बरोबर असेल तें घ्या’ असें म्हटलें असतें, तर मीं त्याला काय सांगितलें असतें बरें?

चार महिन्यांत गाडी पांच वेळां बंद पडली. मी एकटा कासला गेलों, ठोसेघरला गेलों, तेव्हां कधींच नाहीं. मंडळी मागें बसल्या असतांच! ही गोष्ट प्रथम आमच्या नात्यांतल्या बायकांच्या ध्यानांत आली. ‘वहिनी बसल्या कीं गाडीही बसते,’ असा विनोद झाला. पुढें एक वृद्ध शेजारीण पायगुणाविषयीं कांहीं बोलली. बोलावयास नको होतें. परंतु तिच्याहून माझा अपराध मोठा, कारण त्या वेळीं चारचौघांत मी हंसलों. त्या दिवसापासून मंडळींनीं गाडीवर पाऊल ठेवलें नाहीं. भाऊबीजेला ती एकटीच एस.टी.नें चिपळुणास गेली. मीं स्टँडवर पिशवी उचलून दिली. ती नीट बोललीही नाहीं.

ती परत आल्यावर एका संध्याकाळीं मी पुन्हां पंपाविषयीं बडबडूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, ‘अहो, पंप राहूं द्या. आधीं त्या गाडीचें घड्याळ बघा. बंद पडून सुरू झाली कीं प्रत्येक वेळीं त्यांत बारा वाजलेले असतात. हें मी तुम्हांला तिसऱ्यांदा सांगतें आहें.’ तिसऱ्यांदाच होतें तें. मागच्या बांकावरच्या मुलाचें उत्तर न ऐकण्याची संवय मास्तराला लागलेली असते, ती घरींही सुटत नाहीं.

आतां ह्या घड्याळाचा अर्थ सांगतों, कारण आपल्या गाडीलाही तो उपयोगी पडेल. किल्ली बंद केली तरी घड्याळ चालूं असतें. त्याला बॅटरींतून थेट वीज मिळते. पेट्रोल संपलें, प्लग खराब झाला, हँडलवरचें बंद करण्याचें बटण चुकून दाबलें गेलें, तर इंजिन थांबेल. परंतु समोरच्या फलकावरचे दिवे जळत राहतील आणि घड्याळ वेळ विसरणार नाहीं. इंजिनाबरोबर फलकही मेला आणि घड्याळांत बारा वाजले, तर बॅटरीचाच संबंध क्षणभर तुटला असें समजावें. माझ्या जुन्या स्कूटरचा दिवा इंजिनाच्या विजेवरच जळे. इंजिन थांबलें कीं तोही विझे. म्हणून घाटांतल्या अंधारांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें मला वाटलेंच नाहीं!

दुसऱ्या दिवशीं मी पेठेंतल्या एका मिस्त्र्याकडे गेलों. त्यानें शांतपणें सर्व ऐकलें आणि एवढेंच विचारलें, ‘गुरुजी, बाई बसल्या कीं बंद पडते ना? मग बाईंना घेऊन या.’ मंडळी येईनात. त्या शेजारणीसमोर मी हंसलों ही माझी चूक झाली असें स्पष्ट शब्दांत म्हणावें लागलें. तें इतक्या वर्षांच्या संसारांत फारसें म्हटलेलें नसल्यामुळें जड गेलें. मग आल्या.

मिस्त्र्यानें आसन काढलें. खालीं बॅटरी होती. त्यानें माझ्याजवळचा एक खडू मागून घेतला, ओला करून बॅटरीच्या टर्मिनलवर आणि तारेच्या टोंकावर फांसला, आसन पुन्हां बसविलें, आणि आम्हां दोघांना बसवून गाडी अंगणांतल्या दगडावरून नेली. तिसऱ्या धक्क्याला ती मेली. आसन उलटें केलें, तर त्याच्या तळाला पांढरा ठिपका उमटलेला! तारेचें टोंक वरच्या बाजूस वांकडें बसविलेलें होतें. दोन माणसांच्या वजनानें आसन खालीं वांके, त्या टोंकाला दाबी, आणि तेथला बोल्ट सैल असल्यानें जोड क्षणभर सुटे. एकट्या माणसाच्या वजनानें आसन तेथवर पोंचतच नसे. बोल्टाखालीं ठिणग्यांनीं काळा डागही पडला होता.

उपाय साधा होता. आधीं ऋण टोंक सोडविलें, मग धन. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा ह्यांनीं टर्मिनल धुतलें, कोरडें केलें, तारेचें टोंक वळवून आडवें केलें, बोल्टाखालीं स्प्रिंगवॉशर घातला. मग आधीं धन आणि शेवटीं ऋण जोडून वर थोडें व्हॅसलिन लावलें. मजुरी शंभर रुपये आणि वॉशरचे दहा. मंडळी आसनाकडे बघत उभ्या होत्या. ‘म्हणजे दोष माझ्या पायाचा नव्हता, वजनाचा होता,’ त्या म्हणाल्या. मिस्त्री घाईघाईनें म्हणाला, ‘वजनाचा नाहीं बाई, बोल्टाचा.’

अशी गाडी ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं व्होल्ट मोजण्याचें छोटें यंत्र जवळ ठेवावें. बॅटरी निजलेली असतां साडेबारांच्या किंचित् वर आणि इंजिन चालूं असतां चौदाच्या आसपास आंकडा दिसला, तर तिकडची काळजी सोडावी. आऱ्यांवर पान्ह्यानें हलकेच टिचकी मारून आवाज ऐकावा. बद्द वाजतो तो आरा सैल. साखळीचा ताण पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें ठेवावा. एका वेळीं एकच वस्तु बदलावी, आणि गाडी बंद पडली कीं काय झालें तें तेथेंच वहींत लिहावें, मागें बसलेल्या माणसाला विचारून.

माझी गाडी निर्दोष झाली आहे असें मी म्हणणार नाहीं. पावसाळ्यांत फलकाच्या कांचेंत वाफ धरते आणि पेट्रोलचा कांटा धडधडीत खोटें बोलतो. गेल्या महिन्यांत आम्ही दोघें पुन्हां कुंभार्ली घाट चढलों. त्याच वळणावर, त्याच खड्ड्यांतून चाक गेलें. मी श्वास रोखून धरला होता. मागून खांद्यावरून आवाज आला, ‘सहा वाजून दहा मिनिटें. आतां पाटणला थांबून पेट्रोल भरा. त्या कांट्यावर माझा विश्वास नाहीं.’